सहा आठवड्यांत म्हातारा झालेला पडदा: एका डबल नॉकआउट उंदराची पूर्ण केस

उंदराच्या डोळ्याच्या आतला फोटो काढला ना, की मधोमध ऑप्टिक नर्व्हचा फिकट गोल दिसतो आणि त्यातून रक्तवाहिन्या सायकलच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी पसरलेल्या दिसतात, बाकी जमीन सगळी एकसारखी गडद. ज्या फोटोमुळे मी या केसमधे शिरले त्यात खालच्या अर्ध्या भागात, नाकाकडच्या बाजूला, पिवळट पांढरे ठिपके होते, चिमटीतून रांगोळी सांडावी तसे. त्याच्या दोन वर्षं आधी मी माझ्या आजीच्या डोळ्याचा फोटो डॉक्टरांच्या स्क्रीनवर पाहिला होता. तिला एएमडी, म्हणजे वयामुळे मॅक्युला, पडद्याचा अगदी मधला भाग, खराब होण्याचा आजार होता आणि तिच्या फोटोतही असेच पिवळे ठिपके होते. आजी तेव्हा ८१ वर्षांची होती. फोटोतला उंदीर ६ आठवड्यांचा होता.

लॅबमधला उंदीर साधारण दोन-अडीच वर्षं जगतो. ३ आठवड्यांचा झाला की त्याला आईपासून वेगळं करतात, ३ ते ६ महिन्यांचा म्हणजे तरणाताठा, आणि १८ महिन्यांच्या पुढे गेला की त्याला म्हातारा धरतात. ६ आठवडे म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. तर त्या पोराच्या डोळ्यात म्हातारपणाचा आजार दिसतोय असं एका नावाजलेल्या टीमने २००७ मधे लिहिलं, बऱ्याच लॅबनी तो उंदीर वापरला, आणि ५ वर्षांनी कळलं की त्या ठिपक्यांचं मूळ भलतीकडेच होतं. लॅबमधे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ही केस तोंडी सांगते आणि दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

हा उंदीर बनवला कशाला

आधी एएमडीमधे होतं काय ते. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, मागच्या बाजूला प्रकाश पकडणाऱ्या रॉड आणि कोन पेशी असतात. त्यांच्यामागे एकाच पेशीच्या जाडीचा रंगीत थर असतो, त्याला आम्ही आरपीई म्हणतो, आणि हा थर रॉड-कोनचं सगळं करतो, खायला घालणं काय, उष्टं-खरकटं काढणं काय. रॉडची टोकं रोज झिजतात, रोज नवीन येतात, झिजलेली टोकं आरपीई गिळतो आणि पचवतो, हे असं जन्मभर चालू. आरपीईच्या खाली ब्रुक्स मेम्ब्रेन नावाचा पातळ पापुद्रा आणि त्याच्याखाली रक्तवाहिन्यांचा थर. वय झालं की हे पचन मंदावतं, आरपीईच्या पेशींत लिपोफसिन नावाचा चिवट कचरा साठतो, आणि आरपीई आणि ब्रुक्स मेम्ब्रेन यांच्या मधल्या फटीत चरबी आणि प्रोटीनचे गोळे जमतात, त्यांना ड्रूझन म्हणतात. आजीच्या फोटोतले पिवळे ठिपके ते हेच.

आता उंदराला मॅक्युला नसतोच. तो रात्रीचा प्राणी, त्याच्या रेटिनात जवळपास ९७ टक्के रॉड आणि उरलेल्या कोन, बारीक अक्षर वाचायला आपल्याला जो मधला भाग लागतो तो त्याला लागतच नाही. म्हणजे उंदराला एएमडी झाला असं म्हणताना जपूनच म्हणायला हवं. तरीपण उंदराला पर्याय नाही कारण दोन वर्षांत तो अख्खं आयुष्य जगून दाखवतो आणि त्याचा हवा तो जीन काढून टाकता येतो. माणसाच्या पडद्यात ७०-८० वर्षांत जे होतं त्यातला थोडा तरी भाग दोन वर्षांत बघायला मिळाला तर हवाच आहे.

सीसीएल२ हा जीन इथे येतो. शरीरात कुठे कचरा झाला, इजा झाली, की पेशी सीसीएल२ नावाचं प्रोटीन बाहेर सोडतात आणि ते ऐकून मॅक्रोफाज नावाच्या सफाई पेशी तिकडे धावतात. घंटागाडीच्या घंटेसारखंच, फक्त इथे घंटा कचरा असलेलं घर वाजवतं आणि गाडी त्या दिशेने येते. घंटा ऐकायचा कान म्हणजे सीसीआर२, तो मॅक्रोफाजवर असतो. २००३ मधे जयकृष्ण अंबाटी यांच्या टीमने, अमेरिकेतल्या केंटकी युनिव्हर्सिटीतून, नेचर मेडिसिन या जर्नलमधे दाखवलं की घंटा किंवा कान यातलं एक काढून टाकलेले उंदीर म्हातारे झाले की त्यांच्या डोळ्यात ड्रूझनसारखे ठिपके दिसतात, लिपोफसिन वाढतो, रॉड-कोन मरतात, काहींमधे तर खालून नवीन रक्तवाहिन्याही घुसतात. कल्पना सरळ होती आणि पटणारी होती, की गाडी आली नाही तर कचरा साठणारच.

दुसरा जीन सीएक्स३सीआर१. हा मायक्रोग्लियावर असतो, मायक्रोग्लिया म्हणजे रेटिनाच्या आतच कायम राहणारे पहारेकरी. चेतापेशींकडून येणारा एक सिग्नल या रिसेप्टरमधून, म्हणजे त्यांच्या कानातून, त्यांना मिळत असतो, की सगळं ठीक आहे, जागेवर थांबा. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांमधे वय वाढलं की मायक्रोग्लिया आपली जागा सोडून रॉडच्या मागे, आरपीईच्या वर जाऊन साठतात, असं फ्रान्समधल्या टीमने २००७ मधेच दाखवलं होतं.

अडचण वेळेची होती. २००३ चे ते उंदीर १६ महिन्यांच्या पुढे गेले की मगच काही दिसायचं. ज्यांनी म्हातारे उंदीर सांभाळलेत त्यांना माहितीये हे काय असतं, दीड वर्ष पिंजऱ्याचं भाडं भरा, काही मधेच ट्यूमरने जातात, काहींचे डोळे मोतीबिंदूने पांढरे होऊन फोटोच निघत नाही, आणि ग्रँट तीन वर्षांची. अशा वेळी अमेरिकेत बेथेस्डाच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधल्या जिंगशेंग तुओ आणि ची-चाओ चॅन यांच्या टीमने सीसीएल२ आणि सीएक्स३सीआर१ दोन्ही काढलेला उंदीर, म्हणजेच डबल नॉकआउट, बनवला, आणि त्याच्या डोळ्यात ६ आठवड्यांतच ठिपके. मागचा थर बिघडलेला, रॉड-कोन विस्कटलेल्या. दीड वर्षाचं काम दीड महिन्यात! या उंदरावर औषधं तपासता येणार होती, खाण्यातले बदल तपासता येणार होते. लोकांनी तो उचलून धरला यात मला काही चूक वाटत नाही, मी असते तर मीही तेच केलं असतं.

पाणी कुठे मुरत होतं

पहिला धक्का डबल नॉकआउटला बसलाच नाही, तो बसला जुन्या २००३ च्या म्हाताऱ्या उंदरांना. लंडनच्या यूसीएल विद्यापीठातल्या उलरिक लुहमन आणि रॉबिन अली यांच्या टीमने २००९ मधे सीसीएल२ नसलेले उंदीर म्हातारे होऊ दिले, फंडसमधे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या फोटोत, ठिपके दिसले, मग त्यांनी नेमके तेच ठिपके कापून मायक्रोस्कोपखाली पाहिले. ते ड्रूझन नव्हते. त्या होत्या फुगलेल्या मॅक्रोफाज, पोटात चमकणारा कचरा भरलेल्या, आणि त्या आरपीईच्या वर बसलेल्या होत्या.

वर की खाली हा फरक फार मोठा आहे, सतरंजीवर सांडलेलं आणि सतरंजीखाली साठलेलं यात जेवढा फरक तेवढा. ड्रूझन आरपीईच्या खाली असतात. वरून फोटो काढला तर दोन्ही पिवळेच ठिपके, कापल्याशिवाय कळत नाही. आणि त्यांनी हेही पाहिलं की असे फुगलेले मॅक्रोफाज साध्या, जीन न बदललेल्या म्हाताऱ्या उंदरांतही येतात, सीसीएल२ नसला तर ते फक्त लवकर आणि जास्त साठतात. म्हणजे घंटा काढल्यावर गाडी आलीच नाही असं झालं नाही, गाडी आली आणि अडकून पडली, परत जाईना. २००३ च्या कल्पनेच्या हे जवळपास उलटच.

डबल नॉकआउटबद्दलही हळूहळू गोष्टी जुळेनाशा झाल्या. काही लॅबमधे ठिपके भरपूर, काही लॅबमधे तेच दोन जीन काढले तरी पडदा स्वच्छ. मेलबर्नमधल्या एरिका फ्लेचर यांच्या गटाने स्वतः डबल नॉकआउट बनवला आणि २०१२ मधे लिहिलं की रेटिनाच्या आतल्या थरांचं काम थोडं बिघडतं खरं, पण हा काही वेगाने होणारा एएमडी नाही.

आणि ठिपक्यांची जागा. बहुतेक वेळा खालचा अर्धा भाग, नाकाकडची बाजू. वयाचा परिणाम असता, सफाई कमी पडल्याचा परिणाम असता, तर तो एकाच कोपऱ्यात का बसेल? माझ्या मते सगळ्यात मोठी खूण वय हीच होती आणि ती सगळ्यांसमोर होती. सीसीएल२ एकटा काढला तर १६ महिन्यांच्या पुढे थांबावं लागतं, सीएक्स३सीआर१ एकटा काढला तरी वय वाढावं लागतं, मग दोन्ही काढल्यावर अचानक ६ आठवडे कसे? दोन मंद गोष्टी एकत्र आल्या तर वेग वाढेल हे ठीक आहे, पण कचरा साठायला मुळात कचरा तयार तर व्हायला हवा. ६ आठवड्यांच्या उंदराच्या आरपीईने आत्ता कुठे काम सुरू केलेलं असतं.

एक अक्षर कमी

इथे गोष्ट अमेरिकेच्या मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबकडे वळते. तिथल्या लोकांनी आपोआप पडदा खराब होणारे उंदीर अनेक वर्षं गोळा केले होते आणि त्यांना आरडी१, आरडी२ अशी नावं दिली होती. आरडी८ हा त्यातलाच. २००३ मधे त्यांनी आरडी८ चं कारण लिहिलं, सीआरबी१ नावाच्या जीनमधलं डीएनएचं एकच अक्षर, एक सी, गळालेलं आहे. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन एक घर सरकतं आणि थोड्या अंतरावर पूर्णविराम येऊन प्रोटीन अर्धवट राहतं.

सीआरबी१ चं काम शिवणीचं. रॉड-कोन पेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या म्युलर पेशी एकमेकींना जिथे घट्ट धरतात तिथे रेटिनात एक बारीक रेष दिसते, एक्स्टर्नल लिमिटिंग मेम्ब्रेन. आरडी८ मधे ही शिवण तुटक होते आणि तेही रेटिना अजून तयार होत असताना, जन्मानंतर दोन आठवड्यांच्या आसपास. शिवण उसवली की रॉडचा थर आत-बाहेर दुमडतो, छोट्या गुंडाळ्या होतात, आणि वरून फोटो काढला तर या दुमडी पिवळट पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. मुख्यतः खाली, नाकाच्या बाजूला! दोन्ही कॉपी बिघडलेल्या असल्या तरच हे होतं, एक चांगली असली तर काही नाही.

मग हा आरडी८ डबल नॉकआउटमधे आला कुठून? जीन बदललेल्या उंदरांचं जग बरंचसं सी५७ ब्लॅक ६ नावाच्या काळ्या जातीवर उभं आहे. या जातीचे उंदीर १९५१ मधे जॅक्सन लॅबकडून अमेरिकेच्या एनआयएचकडे, म्हणजे सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे, गेले आणि तिथून पुढे दोन घराणी वेगळी वाढली. जॅक्सनकडचं ते ६जे, एनआयएचकडचं ते ६एन. भावकीच ती, दिसायला सारखी, काळी कुळकुळीत, वजन सारखं. पण दोन्हीकडे सख्ख्या भावंडांचं प्रजनन दर पिढीला चालू होतं आणि कधीतरी एनआयएचच्या शाखेत सीआरबी१ मधलं ते अक्षर गळालं आणि कोणाच्या लक्षात न येता दोन्ही कॉपींत पक्कं झालं. चार्ल्स रिव्हर या उंदीर विकणाऱ्या कंपनीने आपले ६एन १९७४ मधे एनआयएचकडून घेतले आणि त्यांच्यातही आरडी८ आहे, म्हणजे हे त्याच्या आधीच घडलेलं असणार. पुढे मोठमोठ्या नॉकआउट प्रकल्पांनी मूळ पेशी म्हणून ६एनच्याच स्टेम सेल घेतल्या, तेव्हा तेही वारसाहक्काने आलं.

नॉकआउट उंदीर बनवला की त्याला शुद्ध ब्लॅक ६ करायला पिढ्यानपिढ्या ब्लॅक ६ शी जोडतात, आम्ही त्याला बॅकक्रॉस म्हणतो. कागदावर लिहितात नुसतं ब्लॅक ६. जे की एन ते लिहायची पद्धत तेव्हा सगळीकडे नव्हती, आणि अगदी खरं सांगायचं तर डोळ्याच्या बाहेर काम करणाऱ्याला त्याने काही फरक पडतो असं वाटतही नव्हतं. ६एनशी जोडत गेलात की काढलेल्या जीनबरोबर आरडी८ ही घरात येऊन बसतो. तुमचा कंट्रोल, म्हणजे तुलनेला ठेवलेला, उंदीर ६जे असेल तर मग झालंच. नॉकआउटमधे ठिपके, कंट्रोल स्वच्छ, आणि तुम्ही मनापासून म्हणता की हे ठिपके मी काढलेल्या जीनमुळे आले.

२०१२

त्या वर्षी दोन पेपर आले, दोन्ही वेगवेगळ्या वाटेने त्याच जागी पोचलेले.

लंडनच्या टीमने जे केलं ते मला फार आवडतं कारण त्यात महागडं काही नाही, मेंडेलच्या वाटाण्याचंच गणित आहे. त्यांनी बेथेस्डाचा डबल नॉकआउट घेतला आणि पुन्हा ब्लॅक ६ शी जोडून पिल्लांमधे सगळं वेगळं होऊ दिलं. उंदरात सीसीएल२ आहे ११ नंबरच्या क्रोमोसोमवर, सीएक्स३सीआर१ आहे ९ वर, सीआरबी१ आहे १ वर, म्हणजे तिन्ही एकमेकांशी बांधलेले नाहीत, पत्ते पिसल्यासारखे वाटले जातात. कागदावर गणित मांडून बघा. ठिपके खरंच दोन जीन गेल्यामुळे असतील तर नातवंडांच्या पिढीत १६ मधल्या १ पिल्लाचेच दोन्ही जीन पूर्ण गेलेले असणार, आणि त्या प्रत्येकाला ठिपके हवेत, बाकी कोणाला नकोत. पण मागे तिसराच कोणी लपलेला रिसेसिव्ह, म्हणजे दोन्ही कॉपी बिघडल्या तरच दिसणारा, जीन असेल तर ४ मधल्या १ ला ठिपके येणार, मग सीसीएल२ असो-नसो. त्यांना या तिसऱ्या जीनचेच पुरावे मिळाले, आणि ठिपके असलेल्या पिल्लांत आरडी८ बरोबरीने सापडत गेला.

दुसरं त्यांनी केलं ते म्हणजे सुरुवात शोधली. सगळ्यात पहिला बिघाड कधी आणि कुठे? जन्मानंतर साधारण १४ व्या दिवशी, खालच्या भागात, रॉडच्या थरात. आरपीई बिघडतो तो नंतर, रक्तवाहिन्या बिघडतात त्याही नंतर, आणि त्याही कोरॉइडमधून, म्हणजे आरपीईखालच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून, वर घुसलेल्या नव्हत्या, रेटिनाच्याच फुगून वेड्यावाकड्या झालेल्या होत्या. एएमडीमधे गडबड आरपीई आणि ब्रुक्स मेम्ब्रेनकडून सुरू होऊन रॉडकडे जाते असं आपण धरतो, इथे ती अगदी उलट्या दिशेने आली होती. उंदराने डोळे उघडले जेमतेम आणि आजार सुरू. याला म्हातारपण कसं म्हणणार!

दुसरा पेपर बेथेस्डाचाच. मेरी मट्टापल्लिल आणि रेचल कॅस्पी यांच्या गटाला आपल्या वेगवेगळ्या जीन बदललेल्या उंदरांत असे ठिपके दिसत होते, जे वारशाच्या हिशेबात बसत नव्हते. त्यांनी विकत मिळणारे ६एन तपासले, त्यांच्यात आरडी८ दोन्ही कॉपींत. ६जे मधे नाही. ६एनच्या स्टेम सेलमधेही तोच. आणि या पेपरच्या लेखकांत ची-चाओ चॅन यांचं नाव आहे, ज्यांच्या टीमने डबल नॉकआउट आणला त्यांचंच. आपण ५ वर्षं ज्या उंदरावर काम केलं त्याच्या मुळाशी दुसरंच काही आहे हे दाखवणाऱ्या पेपरवर आपलं नाव घालणं, याला मोठं मन लागतं. मी हे नव्या मुलांना मुद्दाम सांगते.

त्यांची बाजूही पूर्ण सांगायला हवी. २०१३ मधे त्याच टीमने लिहिलं की नुसता आरडी८ आणि आरडी८ अधिक डबल नॉकआउट यांच्यात फरक आहे, दोन जीन नसले की तो आजार वेगळ्या तऱ्हेने जातो. लंडनच्या पेपरमधेही हेच होतं, सीसीएल२ आणि सीएक्स३सीआर१ मुळे आरडी८ च्या आजाराचा चेहरामोहरा बदलतो. म्हणजे ते दोन जीन निकामी ठरले नाहीत. शिवण उसवल्यावर मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफाज कसे वागतात हे त्या उंदरात चांगलं दिसतं, फक्त त्याला एएमडी म्हणू नये.

आमच्याकडचं एक जेल

हे सगळं मी वाचून सांगतेय असं नाही. मी ज्या लॅबमधे तेव्हा होते तिथे एक वेगळाच नॉकआउट होता, दुसऱ्या लॅबकडून आलेला, आणि आम्ही वयाचा परिणाम बघायला ११ उंदीर वाढवत होतो. १४ महिन्यांचे झाले होते. ७ जणांच्या पडद्यावर खाली ठिपके होते आणि आम्ही खूश होतो. माझ्यासोबतच्या एका मुलाने शांतपणे विचारलं, यांचे ३ महिन्यांचे असतानाचे फोटो कुठेत? ते काढलेच नव्हते. म्हातारपणाचा अभ्यास ना, मग लहानपणीचे फोटो कशाला, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग कानांचे तुकडे घेतले, टिकलीच्या निम्मे, त्यातून डीएनए काढला आणि मट्टापल्लिल यांच्या पेपरमधलं पीसीआर लावलं. चांगल्या जीनची पट्टी येते २२० अक्षरांची आणि आरडी८ ची २४४. फक्त २४ अक्षरांचा फरक, त्यामुळे जेल, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायची जेलीसारखी वडी, घट्ट ओतावं लागतं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पळवावं लागतं, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकच वाटतात. संध्याकाळी अंधारात यूव्ही लावला. कडेला मार्कर, मग शेजारच्या खोलीतून आणलेल्या ६जे ची एक पट्टी, खाली, स्वच्छ. आणि नंतर आमचे ११. सात जणांची एकच पट्टी, वर. तिघांच्या दोन-दोन. एकाची खाली. फोटोतल्या ठिपक्यांच्या यादीशी नंबर लावून पाहिले, सातच्या सात तेच.

कोणी काही बोललं नाही बराच वेळ. १४ महिने रोज ज्यांना दाणापाणी घातलं, ज्यांच्यावर एक मुलगी पीएचडी करत होती, ते उंदीर वयाबद्दल काहीच सांगत नव्हते. पुढच्या आठवड्यापासून ६जे शी जोडून आरडी८ बाहेर काढायला सुरुवात केली, त्याला जवळजवळ एक वर्ष गेलं. कंट्रोल म्हणून विकत आणलेले उंदीर बंद केले आणि तेव्हापासून एकाच वेतातली भावंडं कंट्रोल म्हणून वापरतो, म्हणजे मागचा वारसा सारखाच राहतो. आणि प्रत्येक वयाच्या अभ्यासात ६ आठवडे आणि ३ महिने या वयांचे फोटो काढतोच. ठिपके तेव्हाही असतील तर ते वयाने आलेले नाहीत.

६जे म्हणजे निर्दोष असंही समजू नका. त्यांच्यात एनएनटी नावाच्या जीनमधे मोठा तुकडा गायब आहे, तो जीन मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिडेशनचा मारा झेलायला मदत करतो, आणि वय आणि रेटिना म्हटलं की ऑक्सिडेशन येतंच. ६एनमधे तो जीन शाबूत आहे. म्हणजे एका भावाची शिवण कच्ची आणि दुसऱ्याची भट्टी अर्धी विझलेली. २०१४ मधे जॅक्सन लॅबच्याच लोकांनी टॅलेन नावाच्या जीन कापायच्या तंत्राने ६एन उंदराचं ते गळालेलं अक्षर परत बसवलं, आणि पडदा दुरुस्त झाला. त्यामुळे ६एनवरच काम करायचं असेल तर आता तीही सोय आहे.

मग वय नक्की काय करतं

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते कमी भडक आहे पण मला जास्त खरं वाटतं. आरडी८ नसलेला साधा उंदीर म्हातारा झाला की त्याच्या रेटिनात काय होतं? मायक्रोग्लिया एकेक करून आरपीईच्या वर जाऊन बसतात आणि त्यांच्या पोटात लिपोफसिन चमकायला लागतो. ब्रुक्स मेम्ब्रेन जाड होते. ईआरजी, म्हणजे प्रकाश दाखवून रेटिनाचा विजेचा प्रतिसाद मोजतात ती तपासणी, तिच्या लाटा बुटक्या होतात. रॉडच्या थरात केंद्रकांच्या ज्या ओळी मोजतो त्या थोड्या विरळ होतात. आणि एक गोष्ट मला दरवेळी थांबून बघावीशी वाटते, रॉडकडून निरोप घेणाऱ्या बायपोलर पेशी आपले धागे त्यांच्या नेहमीच्या रेषेच्या पलीकडे, रॉडच्या थरात वर पाठवायला लागतात. तरुण उंदरात ही रेषा पट्टीने आखल्यासारखी असते. म्हाताऱ्यात तिच्यावरून बारीक हिरवे तंतू वर गेलेले दिसतात, कुंडीतल्या वेलाने भिंतीवरून पलीकडे हात टाकावा तसे. जोडणी सैल झाली म्हणून त्या शोधायला निघतात असं मानलं जातं.

सीसीएल२ काढलेल्या उंदरात यातली मॅक्रोफाज साठायची गोष्ट लवकर येते, सीएक्स३सीआर१ काढलेल्यात मायक्रोग्लिया जास्त चढतात. एवढंच खात्रीने म्हणता येतं. पण त्याला १८-२० महिने लागतात आणि तेवढे द्यावेच लागतात.

आता आरडी८ च्या मागे लोक वेगळ्याच कारणाने लागलेत. माणसातही सीआरबी१ बिघडतो, पण तो म्हाताऱ्यांचा आजार नाही, त्यातून लहान मुलांना लेबर कन्जेनिटल अमॉरोसिस होतो, जन्मापासून किंवा पहिल्या वर्षातच दृष्टी जाते, आणि थोड्या मोठ्या मुलांत रेटिनायटिस पिगमेंटोसा. म्हणजे आजीसाठी आणलेला उंदीर खरंतर त्या मुलांचा होता. २०२४ च्या सुरुवातीला सेल या जर्नलमधे लंडन आणि चीनमधल्या टीमने लिहिलं की सीआरबी१ आतड्याच्या अस्तरातही असतो, आरडी८ उंदरांत ते अस्तरही झिरपतं, आतड्यातले जीवाणू रक्तातून डोळ्यात पोचतात आणि पडद्यावरचे घाव त्यांच्यामुळे वाढतात. अँटिबायोटिक दिल्यावर घाव कमी झाले, आणि आतड्यात चांगला सीआरबी१ परत दिल्यावरही पडदा वाचला.

हे वाचल्यावर मी आमचं ते जुनं जेल आणि त्या सात जणांचे फोटो पुन्हा काढून बसले, कारण त्या सातांतसुद्धा कोणाला ठिपके मोजून दहा होते आणि कोणाचा अर्धा पडदा भरलेला होता, आणि तेव्हा आम्ही ते नशीब म्हणून सोडून दिलं होतं. त्यांचे पिंजरे वेगवेगळ्या रॅकवर होते हे वहीत आहे. पण कोणत्या पिंजऱ्यात कोणतं खाणं, कोणता भुसा, कोणाला कधी अँटिबायोटिकचं पाणी दिलं, यातलं काही लिहिलेलं नाही. आता आमच्या प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डावर जन्मतारीख, जे की एन आणि सीआरबी१ ची पट्टी यांच्या खाली या तीन गोष्टींसाठीही ओळी छापल्यात.